तीस टनांच्या मथळ्याविषयी वसंतास

प्रिय वसंता,

स. न. वि. वि. प्रकृती ठीक आहे, गुडघ्याचे औषध चालू आहे. आज लिहितो आहे ते आपल्या बिनशिंगी गेंड्यासाठी.

एका मुलांच्या मासिकाने पॅरासेराथेरियमवर, म्हणजे कधीच लोप पावलेल्या या गेंड्यावर, माझा लेख मागवला आणि मला न विचारता मथळ्यात ‘तीस टनांचा महाकाय’ असे घातले. मी हरकत घेतली, तर ‘मुलांना मोठा आकडा लागतो’ असे उत्तर आले. तेव्हापासून मला चैन नाही. फोर्टेलियस आणि कॅपलमन या पुराजीवशास्त्रज्ञांनी १९९३ साली त्याच्या वजनाचा नव्याने हिशेब मांडला, तेव्हा सरासरी अकरा टन आणि फार तर पंधरा ते वीस टन एवढेच भरले. संपूर्ण सांगाडा तर कोठेही मिळालेला नाही. खांद्यापाशी सुमारे ४.८ मीटर उंची हीसुद्धा निरनिराळ्या प्राण्यांची हाडे जुळवूनच काढलेली. मंगोलियात १९२५ साली अमेरिकन संग्रहालयाच्या तुकडीला एका प्राण्याचे पाय उभेच्या उभे सापडले, कारण तो रुतत्या वाळूत फसून तेथेच मेला होता. आपल्या वजनानेच खाली खचत गेलेले ते खांबासारखे पाय वाचताना ज्या मुलाचा श्वास अडकणार नाही, त्याला तीस टनांनी काय होणार आहे?

सर्वांत मोठा भूचर सस्तन प्राणी कोणता, या आपल्या जुन्या वादात तू लगेच तुझा नर्मदेचा लुप्त हत्ती पुढे करशील. लारामेंडी या संशोधकाने २०१६ साली मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून त्याचे वजन बावीस टनांपर्यंत नेले, तेव्हा तू जिंकल्याच्या आवाजात फोन केला होतास. एका तुकड्यावर पैज लावू नये, हे माझे म्हणणे आजही कायम आहे; मात्र तोच न्याय माझ्या गेंड्यालाही लावला पाहिजे, आणि म्हणूनच मी अडून बसलो आहे. शिवाय आपण दोघे ज्यांच्यावरून इतकी वर्षे भांडलो, ते दोन्ही प्राणी एकाच माणसाने हाताळले होते: भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली गोदावरीच्या गाळातल्या हत्तीवर लिहिले आणि १९०८ साली बलुचिस्तानातल्या डेरा बुगटीच्या अवशेषांवरून माझ्या गेंड्याचे पहिले वर्णन केले.

मथळा बदलला नाही, तर लेख परत घेणार. रदबदली करू नकोस. १९९३ च्या निबंधाची तुझ्याकडची प्रत तेवढी धाड, ती संपादकांपुढे ठेवतो.

चिरंजीवांची बदली झाली का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधुकर