सेटअपचा हिशोब शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन आलो, तर तुम्ही तो न बघताच काकूंच्या हातात दिलात आणि मला विचारलंत, "त्या प्लेटिंगवाल्याचं काय झालं?" म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. विषय बदलायची सोय ठेवलेली नाही.

दुसरं कारणही आहे. पुण्याजवळच्या भोसरीत माझ्यासारखे छोट्या वर्कशॉपचे गाळेवाले गल्लोगल्ली आहेत. दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), कोपऱ्यात ड्रिलिंग मशीन, सहा-सात माणसं आणि मालक नावाचा एक इसम, जो सकाळी सेल्सवाला, दुपारी क्वालिटीवाला, संध्याकाळी टेम्पोचा क्लीनर आणि लाइट गेली की इलेक्ट्रिशियन असतो. "मरायला वेळ नाही" हे वाक्य आमच्याकडे अभिमानाने म्हणतात. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापैकी कुणाला तरी कामाला येईल.

मुळात तुम्ही आला होतात ते पुतण्याच्या गिरणीचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती धातूची नळी) घेऊन. गनमेटलचा, आतून झिजून लंबगोल झालेला. "असाच एक करून द्या, घाई नाही," म्हणालात. घाई नाही म्हणणारं गिऱ्हाईक भोसरीत औषधालाही सापडत नाही, म्हणून मी तुम्हाला केबिनमध्ये बसवलं. केबिन म्हणजे अॅल्युमिनियमचं पार्टिशन आणि त्यात एक प्लास्टिकची खुर्ची. मी एका ड्रॉइंगचं कोटेशन काढत होतो. बुश झाला, तुम्ही पैसे दिलेत आणि टेबलावरचं माल पाठवायचं एक रद्द चलन उलटं करून माझ्यापुढे सरकवलंत. पाठीमागे पेन्सिलीने बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

१०.०५ ड्रॉइंग उघडलं. १०.०९ फोन, टेम्पो. १०.१२ ड्रॉइंग. १०.१४ लेथवाला, इन्सर्ट संपले. १०.२१ ड्रॉइंग, परत मटेरियलपासून. १०.२३ फोन, पेमेंट. १०.३० व्हॉट्सअॅप. १०.४१ ड्रॉइंग. १०.४२ चहा.

आणि त्याखाली एक ओळ: "स्पिंडल चालू, पीस शून्य." म्हणजे मशीन फिरतंय, पण तयार नग एकही नाही.

खरं सांगतो, आधी राग आला. ओळख ना पाळख, बुश करायला आलेला माणूस माझी टाइम स्टडी करतो! पण आयुष्यभर कंपनीत प्लॅनिंग केलेल्या माणसाचा तो हिशोब होता आणि त्यात खोट काढायला जागाच नव्हती. त्यातही "परत मटेरियलपासून" हे तीन शब्द... म्हणजे दोनच शब्द, पण मला तीन फटक्यांसारखे लागले. ड्रॉइंगवर आधी मटेरियल बघायचं, मग टॉलरन्स (मापात किती फरक चालेल), मग कुठली ऑपरेशन्स कुठल्या मशीनवर, मग सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ), मग भाव. मध्ये फोन आला की ही सगळी चळत कोसळते. फोन दोन मिनिटांचाच असतो, पण नंतर आपण पुन्हा मटेरियलच्या रकान्यावर उभे असतो.

तुम्ही विचारलंत, "व्हीएमसीवर दिवसातून किती वेळा जॉब बदलता?" मी म्हटलं, जमलं तर एकदाही नाही. कारण जॉब बदलायचा म्हणजे नवा सेटअप लावायचा: व्हाइस उतरवा, फिक्स्चर चढवा, डायल लावून सरळ करा, झिरो घ्या, टूलचे ऑफसेट भरा, पहिला पीस काढून मायक्रोमीटर लावा. तेवढा वेळ मशीन नुसतं उभं आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. म्हणून आम्ही सारखे जॉब एकत्र करतो, बॅच लावतो. "मग तुमच्या डोक्याला का बॅच लावत नाही? त्याचा हप्ता कमी आहे का?" एवढं बोलून बुश पिशवीत टाकून तुम्ही गेलातही.

पुढचे कित्येक गुरुवार मी तुमच्या घरी येत राहिलो. तिथेच तुम्ही मला शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची गोष्ट सांगितलीत. १९६९ साली टोयोटाच्या एका हजार टनी प्रेसचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला चार तास लागायचे. शिंगोंनी आधी ते दीड तासावर आणले आणि मग तीन मिनिटांवर. मला वाटलं, काहीतरी भारी यंत्र बसवलं असणार. तुम्ही म्हणालात, त्यांनी पहिल्यांदा फक्त कामं दोन ढिगांत टाकली. मशीन थांबवूनच करावी लागतील अशी कामं एकीकडे, आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येतील अशी दुसरीकडे. बोल्ट शोधणं, पाना आणणं, पुढचा डाय गोडाऊनमधून आणणं यासाठी प्रेस कशाला थांबवायची? पुढचं सगळं त्यानंतर सुचलं.

हे व्हीएमसीला लावायचं आम्हाला कळत होतं. मालकाला लावायचं, हे तुम्ही सुचवलंत. माझ्या मते तुमच्या सगळ्या सल्ल्यात हाच खरा ऐवज आहे, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहितो.

कोटेशनमध्ये माझं डोकं लागतं ते फक्त ऑपरेशन ठरवायला आणि सायकल टाइमचा अंदाज बांधायला. बाकी काय लागतं? ड्रॉइंगची प्रिंट, स्टीलवाल्याचा आजचा भाव, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगचा किलोचा दर, त्याच गिऱ्हाइकाची जुनी पीओ (खरेदीची ऑर्डर), तसाच पार्ट आधी केला असेल तर त्याचा लागलेला वेळ. हे सगळं मी ड्रॉइंग उघडल्यावर, एकेक आठवेल तसं शोधत बसायचो आणि प्रत्येक शोधात एक फोन, प्रत्येक फोनात दोन भलतेच विषय. आता आमच्या हेल्परचा मुलगा, जो आयटीआय करून नुकताच लागलाय, आदल्या संध्याकाळी प्रत्येक चौकशीचा एक प्लास्टिक फोल्डर भरून ठेवतो. भाव विचारायचे फोन तोच करतो. सुरुवातीला स्टीलवाल्याने त्याला दाद दिली नाही, "सेठला फोन करायला सांग" म्हणाला. मी केला नाही. चार दिवसांनी पोराला भाव मिळायला लागला. सकाळी सात ते साडेआठ, लेथ सुरू व्हायच्या आत, मी ते फोल्डर घेऊन बसतो आणि माझा फोन असतो बाहेर सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. पूर्वी ज्या ड्रॉइंगवर अख्खी सकाळ जायची, ते आता चहा गार व्हायच्या आत उरकतं. मुख्य म्हणजे भाव चुकत नाही. घाईत एखादं ग्राइंडिंग धरायचं राहिलं की त्या ऑर्डरीवर वर्षभर घरचे पैसे घालावे लागतात, हे गाळेवाल्यांना वेगळं सांगायला नको.

"साहेब, पुढं काय लावू?" या प्रश्नावरही तुम्ही हाच इलाज केलात. दाराशी पांढरा बोर्ड. प्रत्येक मशीनसमोर चालू जॉब, त्यानंतरचा आणि त्याच्या पुढचा. साडेआठला सगळे बोर्डासमोर उभे राहतात आणि इन्सर्ट, कूलंट, गेज, जे काही कमी असेल ते तिथेच बोलतात. आमचा जुना लेथवाला आधी कुरकुरला. दिवसातून दहा वेळा केबिनमध्ये डोकावणं हा त्याचा मान होता, असं मला वाटतं. आता तो बोर्डावर खडूने लिहितो, पांढऱ्या बोर्डावर खडू उमटत नाही हे सांगूनही. मार्कर त्याला आवडत नाही. मग त्याच्या लेथच्या भिंतीला एक काळी पाटी लावून दिली.

अर्जंटचं प्रकरण मात्र तुमच्याशिवाय सुटलं नसतं. आमच्या धंद्यात सगळंच अर्जंट. चाकणच्या कंपनीतून फोन आला की मी चालू जॉब उतरवायचा, त्यांचे पीस काढायचे, बॅगेत घालून गाडीला किक मारायची. मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो की अर्धा दिवस गेलाच. आणि पोहोचल्यावर कळायचं की पीस स्टोअरमध्ये जाऊन पडणार आहेत. तुम्ही मला एकच प्रश्न शिकवलात: "तुमची प्रॉडक्शन लाइन थांबली आहे का?" थांबली असेल तर मी आजही मशीन रिकामं करतो, रात्री थांबतो. नसेल तर तारीख सांगतो आणि ती पाळतो. पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही समोर बसला होतात आणि माझा घसा कोरडा पडला होता. पलीकडचा माणूस जरा थांबला आणि म्हणाला, "नाही हो, शनिवारपर्यंत चालेल." इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं मी कुणासाठी पळत होतो?

वसुलीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात माझ्यापेक्षा तुमचाच उत्साह जास्त. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ चा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आयकरातही तरतूद आली की लघु आणि सूक्ष्म उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजा करता येतो. कायदा मला माहीत होता. पण गिऱ्हाइकाला कायदा दाखवून पुढची ऑर्डर मिळत नाही, हेही माहीत होतं. तुम्ही म्हणालात, आधी तुमचं बिल त्यांच्या अकाउंट्सपर्यंत पोहोचलंय का ते बघा. बघितलं. निम्मी बिलं गेटवरच्या इनवर्ड शिक्क्याविना किंवा जीआरएनविना (माल मिळाल्याची त्यांची नोंद) खाली स्टोअरमध्येच पडून होती आणि मी वर अकाउंट्सवाल्याशी भांडत होतो! आता टेम्पोवाला शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय गेट सोडत नाही. मंगळवारी जेवणाआधी वसुलीचे फोन, समोर चलन नंबर, बिल नंबर, जीआरएन नंबर अशी यादी. पूर्वी मी हे फोन सुचेल तेव्हा करायचो, बहुतेक वेळा बँकेचा मेसेज येऊन डोकं फिरल्यावर.

जीएसटीच्या तारखा कालनिर्णयवर लाल पेनने लिहायची कल्पना काकूंची, हे तुम्ही मान्य केलंत ते बरं झालं. आमचं विवरणपत्र तिमाही. तरी पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा, आणि गिऱ्हाइकाला कराचं क्रेडिट वेळेत दिसावं म्हणून बिलांची यादी १३ च्या आत चढवायची. तिमाही संपली की बिलांची यादी १३ पर्यंत आणि विवरणपत्र २२ पर्यंत. संकष्टीच्या शेजारी जीएसटी बघून बायको हसते, पण अकाउंटंटचा "सर, आज शेवटची तारीख" हा रात्रीचा फोन बंद झाला आहे.

एका गोष्टीत मात्र तुमचं ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. तुम्ही म्हणता व्हॉट्सअॅप काढून टाका. काका, आता ड्रॉइंगच व्हॉट्सअॅपवर येतात. रिजेक्शनचा फोटो तिथेच येतो, टेम्पोचं लोकेशन तिथेच. तुमच्या वेळी प्लॅनिंगच्या टेबलावर कागद यायचे आणि शिपाई ते ट्रेमध्ये ठेवायचा. माझा ट्रे हाच आहे. मी एवढंच केलं की धंद्याचा नंबर वेगळ्या फोनवर टाकला आणि तो फोन सुपरवायझरकडे दिला. नातेवाइकांचे गुड मॉर्निंग माझ्याकडे, ड्रॉइंग त्याच्याकडे. त्याने काय मला दाखवायचं आणि काय परस्पर निपटायचं, यावर आमची अजून अधूनमधून वाजते. परवा त्याने एका गिऱ्हाइकाला परस्पर तारीख दिली. मी चिडायच्या बेतात होतो, पण बोर्ड बघितला तर तारीख बरोबर होती.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. लग्नसराईत निम्मी माणसं गावाला जातात, तेव्हा बोर्डावर नुसत्या रेघोट्या असतात आणि मीच लेथवर उभा असतो. मार्चअखेरीला सात ते साडेआठची वेळ हमखास मोडते. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. "एप्रिलमध्ये परत लावा," एवढंच.

तुमच्या वेळेचं बिल मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही गिरणीच्या बुशाची चौकशी केलीत. बुश उत्तम चालला आहे, पुतण्याचा फोन आला होता. तेव्हा तो विषय आता संपला. बिल पाठवा, नाहीतर मी काकूंशी परस्पर व्यवहार करीन.

आणि आता कामाचं. पुढच्या महिन्यात दुसरं व्हीएमसी येतंय. कम्प्रेसर मागच्या भिंतीला न्यायचा की लेथ फिरवायच्या, यावर सुपरवायझर आणि मी दोन टोकांना आहोत. गाळ्याचा नकाशा ग्राफ पेपरवर मापात काढला आहे आणि मशीन पुठ्ठ्याची कापून घेतली आहेत, सरकवून बघायला. येत्या गुरुवारी सकाळी दहाला दोघंही येतो. पेन्सिल तुमचीच लागेल. काकूंना सांगा, पोहे दोघांचे टाका.

तुमचा,
भोसरीतला बुशवाला