एफएसएच वाढला म्हणून आशा सोडू नये

महोदय,

वीर्याच्या रिपोर्टवर ‘निल’ (म्हणजे एकही शुक्राणू नाही) आले की जोडप्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारे हार्मोन; निर्मिती मंदावली की रक्तात सहसा वाढते) वाढलेला असेल तर ‘शुक्राणूदाता शोधा’, नॉर्मल असेल तर ‘काळजी नको, वृषणातून सुईने शुक्राणू काढू’. दोन्ही सल्ले एकाच आकड्याच्या भरवशावर दिले जातात आणि त्या आकड्याला एवढा भार पेलवत नाही.

मुळात ‘निल’ खरोखर निल आहे का? वेगवेगळ्या दिवशी दोन नमुने घेऊन, ते ३,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट) बलाने १५ मिनिटे यंत्रात फिरवून (सेंट्रिफ्यूज करून) तळाचा गाळ तपासल्याशिवाय तसे लिहू नये. गाळात चार-दोन जिवंत शुक्राणू सापडले तर शस्त्रक्रियाच टळू शकते. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्याने ती आधी थांबवावीत. त्यांनी शुक्राणूनिर्मिती बंद पडते आणि सहसा काही महिन्यांत पुन्हा सुरू होते.

मग पाहायचे ते अडथळा आहे की निर्मितीतच दोष. वीर्य दीड मिलिलिटरपेक्षा कमी व आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज ही साखर नाही, हाताला शुक्रवाहिनी लागत नाही, असे असेल तर ती बहुधा जन्मतःच नाही. अशा पुरुषात सुईने किंवा शस्त्रक्रियेने शुक्राणू जवळपास नेहमीच मिळतात; मात्र पती-पत्नी दोघांचीही सीएफटीआर जनुकाची (ज्यातील दोषाने बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होऊ शकतो) तपासणी आधी करावी. वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि एफएसएच ७.६ आययू/लिटरपेक्षा जास्त असेल, तर दोष निर्मितीचा असण्याची शक्यता अधिक.

खरा पेच इथेच आहे. एफएसएच म्हणजे सगळ्या वृषणाची गोळाबेरीज. शस्त्रक्रियेला मात्र कामापुरता एखादा कोपरा मिळाला तरी पुरतो. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये डॉ. पीटर श्लेगेल यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेल्या मायक्रो-टेसे पद्धतीत १५ ते २५ पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली फुगीर, पांढरट नलिका वेचून काढतात. एफएसएच बराच वाढलेल्या पुरुषांतही सुमारे निम्म्या वेळा शुक्राणू सापडतात. उलट शुक्राणू बनवणाऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावर थबकलेली असेल तर एफएसएच नॉर्मल, वृषणाचा आकार नॉर्मल, आणि तरीही हाती काही लागत नाही, असे अनेकदा होते. सगळ्यांची फसगत होते ती या गटात.

दार खरोखर बंद आहे हे सांगणारी तपासणी वेगळीच आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते: वाय या पुरुषी गुणसूत्राचे बारीक तुकडे गळालेत का हे पाहणारी मायक्रोडिलीशन चाचणी. शुक्राणूनिर्मितीला लागणाऱ्या त्याच्या तीन भागांपैकी (एझेडएफ-ए, बी, सी) एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गळालेला असेल तर शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तिथे चिरा देऊच नये. फक्त एझेडएफ-सी गळालेला असेल तर निम्म्याच्या आसपास पुरुषांत यश येते, पण मुलगा झाला तर तो दोष त्याच्याकडेही जातो. सोबत कॅरिओटाइप, म्हणजे सर्व गुणसूत्रांची तपासणीही हवी. ४७,एक्सएक्सवाय (एक एक्स गुणसूत्र जास्त) निघाले, वृषण अगदी लहान असले, तरी ४० ते ५० टक्के आशा असते. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे या रक्ततपासण्या स्वस्तच पडतात.

‘आमच्याकडे ९० टक्के यश’ ही जाहिरात वाचताना एवढेच विचारावे: कोणत्या रुग्णांत? अडथळ्याचे रुग्ण त्यात मिसळले की टक्केवारी आपोआप चढते. शिवाय यश म्हणजे शुक्राणू दिसणे, की बाळ? वय, हार्मोन आणि वृषणाचा आकार घालून अंदाज सांगणारी संगणकीय गणितेही निघाली आहेत. ज्या रुग्णालयाच्या नोंदींवर ती बेतली तिथे ती बरी चालतात, दुसरीकडे अडखळतात.

म्हणून पत्नीची स्त्रीबीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू करण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवावी. स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशीच शस्त्रक्रिया असेल आणि शुक्राणू मिळाले नाहीत, तर बीजे गोठवायची की दात्याचे शुक्राणू वापरायचे? हा प्रश्न ऑपरेशन थिएटरच्या दारात विचारला जाऊ नये.

– वंध्यत्वचिकित्सक व भ्रूणशास्त्रज्ञ, पुणे