ऑक्टोबरातली द्राक्षं

रोचेस्टर (न्यू यॉर्क, अमेरिका), कोजागिरीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "ऑक्टोबरात कुठली द्राक्षं? कोल्ड स्टोरेजची असतील," आणि नेमका फोन कटला. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र. कोल्ड स्टोरेजची नाहीत हो, मळ्यात जाऊन मी स्वतः कात्रीने तोडून आणलीत. नाशिककडे ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या नागपुरात बर्डीवर येतो. इथे वेल हिवाळाभर झोपलेला असतो. जूनच्या सुमारास फुलतो, म्हणून फळ उतरतं ते दसऱ्याच्या आसपास.

जात कॉन्कॉर्ड. काळी-जांभळी, जाड सालीची, बियांची. चिमटीत दाबलं की साल हातात राहते आणि हिरवा गर टुणकन बाहेर. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावी इफ्राइम बुल यांनी १८४९ मध्ये रानद्राक्षाच्या बीपासून ती काढली. पैसा इतरांनी कमावला. त्यांच्या थडग्यावर 'त्याने पेरलं, कापलं दुसऱ्यांनी' अशा अर्थाचं कोरलेलं आहे.

इथून तासाभरावरचं नेपल्स गाव या द्राक्षांच्या 'पाय'साठी ओळखलं जातं. (आई, हसू नकोस. ताटाएवढी चपटी करंजी समज, भट्टीत भाजलेली.) किलोभर द्राक्षांच्या साली एका पातेल्यात, गर दुसऱ्यात. दीड तास गेला, नखं अजून जांभळी आहेत. गर पाणी न घालता पाच-सात मिनिटं शिजवला की बिया सुट्या होतात. गेल्या वर्षी शहाणपणा करून मी तो मिक्सरमध्ये फिरवला होता. बिया भरडल्या आणि सगळं कडूजहर. या वेळी तुझं पुरणयंत्र काढलं. गर खाली, बिया वर! मग साली परत गरात टाकायच्या, कारण रंग आणि वास सालीतच. वाटीभर साखर, तीन चमचे कॉर्नफ्लोर, अर्धं लिंबू.

पारीचं तंत्र तुझ्या उलट. तू कडकडीत मोहन घालतेस, इथे लोणी फ्रीजमधलं आणि पाणी बर्फाचं. लोणी आधीच वितळलं तर पापुद्रे सुटत नाहीत. २२० डिग्रीवर वीस मिनिटं, पुढे १८० वर अर्धा-पाऊण तास. निवेपर्यंत कापायचा नसतो, सारण ओघळतं. मला धीर कुठला? पहिला तुकडा चमच्यानेच खाल्ला.

थोडा गर उरला, त्यात हिरवी मिरची, जिरं, सांबार घालून चटणी केली. पुण्याची मैत्रीण आली होती. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो हे तिला कुठलं ठाऊक! सांबार म्हटल्यावर ती इडली शोधायला लागली.

बाबा, आता तुमच्यासाठी. साली शिजताना घरभर सुटलेला वास मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. मग वाचलं, त्यात मिथाइल अँथ्रानिलेट असतं, आणि तेच संत्र्याच्या फुलांतही. आंबिया बहर फुलला की काटोल रोडवर तुम्ही स्कूटर बंद करून नुसते उभे राहायचात, तो वास! जन्मभर केमिस्ट्री शिकवलीत आणि हे सांगितलं नाहीत.

आई, पुरणयंत्र देताना म्हणाली होतीस, "घेऊन जा, कोपऱ्यावर तयार पोळ्या मिळतात." तू आणि विकतची पुरणपोळी! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. परवा दांडा फिरवता फिरवता माझाच खांदा भरून आला, तेव्हा लक्षात आलं. उजवा हात वर जात नाही ना तुझा? कधीपासून? बाबा, तुम्ही या आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठवा. नुसतं 'बरं आहे' चालणार नाही.

होळीला येतेय. पुरणयंत्र बॅगेत घालते. पुरण मी वाटीन, तू खुर्चीवर बसून नावं ठेव. बाबांना शुगर आहे, त्यांना एकच पोळी, तीही लहान.

तुमची,
मोठी