गृहमंत्री महोदय, वाट पाहण्याची शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली?

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या फाशी यार्डांत बंद असलेल्या कैद्यांविषयी हे पत्र आहे. फाशी असावी की नसावी, हा वाद मी इथे काढत नाही. न्यायालय फाशी सुनावते. तिच्याआधीची वर्षानुवर्षांची टांगणी मात्र कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. ती प्रशासन परस्पर देते.

पुण्यातले २००७ चे बलात्कार-खुनाचे प्रकरण आठवा. राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये फाशी झालेल्या दोघांचे दयेचे अर्ज फेटाळले. उरले होते फक्त फाशीचा दिवस ठरवणारे सत्र न्यायालयाचे वॉरंट. कारागृहातून सत्र न्यायालयाला पत्रे जात राहिली आणि वॉरंट निघायला एप्रिल २०१९ उजाडला. आपला दिवस कोणता, हे त्या दोघांना एवढा काळ कुणीही सांगू शकत नव्हते. शेवटी याच दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची जन्मठेप दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या दोन बहिणींची फाशीही २०२२ मध्ये विलंबापायीच जन्मठेपेत बदलली. न्यायालयांनी केले ते योग्यच. पण मारल्या गेलेल्यांच्या आईवडिलांना आपण काय सांगणार? कागद पुढे सरकला नाही, म्हणून शिक्षा बदलली?

एकांतवासाचेही तसेच. अपील आणि दयेचा अर्ज हे सगळे मार्ग संपेपर्यंत कैद्याला फाशीचा कैदी म्हणून एकटे कोंडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्येच सांगितले. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात तेच पुन्हा बजावले, शिवाय या कैद्यांची मानसिक तपासणी नियमित करायला सांगितली. वर्षांमागून वर्षे मरणाची वाट पाहणारा माणूस आतून कसा ढासळत जातो, हे यार्डावर ड्युटी करणाऱ्या कुठल्याही शिपायाला विचारा.

दयेच्या अर्जांसाठी गृह किंवा कारागृह विभागात स्वतंत्र कक्ष हवा, हा पुण्याच्या प्रकरणातल्या २०२४ च्या त्याच निकालातला आदेश आहे. तो कक्ष आपल्याकडे कुणाच्या हाताखाली चालतो, त्याच्याकडे किती अर्ज पडून आहेत आणि प्रत्येक अर्ज कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे, हे जाहीर करा. कैद्याच्या आणि पीडिताच्या, दोन्ही घरांना ते लेखी कळवा. आणि ज्यांचे मार्ग अजून संपलेले नाहीत, त्यांना आजच एकांत कोठडीतून बाहेर काढा.

आपला,
एक नागरिक