परिस्थिती कुठल्या रकान्यात लिहायची

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या त्या विद्यार्थिनीबद्दलचं पत्र मिळालं. वडील गेलेले, आई मजुरीला, धाकट्या भावाचं सगळं हिच्याकडे, आणि तरी अकरावीत तुमच्या ज्युनियर कॉलेजात पहिली. अशी मुलगी अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांत अर्ज करायचं म्हणते तर तिला वेड्यात काढू नकोस. पण ‘हुशार आहे, गरीब आहे, घेतीलच’ या भरवशावरही राहू नकोस. गरिबीचे वेगळे गुण तिथे कोणी देत नाही. घरच्या अडचणींतून तिने काय केलं ते दिसायला हवं, आणि त्यासाठी एकेक गोष्ट आपापल्या रकान्यात जायला हवी.

आधी कॉलेजांची यादी, आणि ती पैशावरून. अमेरिकन सरकारची शैक्षणिक मदत परदेशी मुलांना मिळत नाही, त्यामुळे फाफ्साचा फॉर्म तिने भरायचाच नाही. हुशार पण गरीब मुलांना मोठ्या कॉलेजांशी जोडून देणारी क्वेस्टब्रिज ही अमेरिकन संस्थाही तिच्यासाठी नाही. तिथे अमेरिकन नागरिक, कायमचे रहिवासी किंवा तिथल्या शाळेत शिकणारी मुलंच चालतात. म्हणजे पैसे कॉलेजनेच द्यायला हवेत, आणि खाजगी कॉलेजचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च आता 90 हजार डॉलरच्या आसपास आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि ब्राउन इथे परदेशी मुलांना निवडतानाही घरची ऐपत बघत नाहीत, आणि निवडलं की लागेल तेवढी मदत देतात. स्टॅनफर्ड किंवा स्वार्थमोरसारखी कॉलेजं निवडताना मदतीची मागणी विचारात घेतात, पण एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मात्र यादीतून काढ. नाव मोठं आहे, पण परदेशी मुलांना तिथे मदत जवळपास नाही.

कोणीतरी तिला सांगेल की ‘मदत नको’ असं लिही, निवड सोपी होते, पैशाचं नंतर बघू. हे अजिबात करू देऊ नकोस. ज्या कॉलेजांत मदतीची मागणी विचारात घेतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही.

अर्जाची फी साधारण 75 ते 90 डॉलर असते. कॉमन ॲप म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच ऑनलाइन अर्ज. त्यात फीमाफीचा वेगळा भाग आहे. तिथे तिने सही करायची आणि तुमच्या ज्युनियर कॉलेजतर्फे तू दुजोरा द्यायचा. ग्रिनेल, कोल्बी, वेलस्ली तर फी घेतच नाहीत. एमआयटीचा फॉर्म स्वतंत्र आहे, कॉमन ॲपमध्ये शोधत बसू नका. सॅट (किंवा तशीच एसीटी) ही प्रवेशासाठीची परीक्षा हार्वर्ड, एमआयटी, ब्राउन आणि स्टॅनफर्ड इथे पुन्हा सक्तीची झाली आहे. सॅट लॅपटॉप किंवा टॅबलेटवर द्यावी लागते, मोबाइल चालत नाही. ॲप आधीच टाकून एक सराव परीक्षा त्याच यंत्रावर घे.

आता परिस्थितीचं. कॉमन ॲपमध्ये अडचणींसाठी 250 शब्दांची वेगळी जागा आहे. वडिलांचं जाणं, घराचं उत्पन्न, भावाची जबाबदारी, सगळं तिथे कोरडेपणाने लिहायचं: काय झालं, कधी झालं, अभ्यासावर काय परिणाम झाला, आता काय स्थिती आहे. ‘नववीच्या दुसऱ्या सत्रात वडील वारले, त्या सत्रात गणितात 84 वरून 61 झाले, दहावीत 95’ असं एक वाक्य पानभर हळहळीपेक्षा जास्त सांगतं. विशेषणं नकोत. हे इथे नोंदवलं की मुख्य निबंध मोकळा होतो.

तो निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा. बहुतेक मुलं त्यातले पाचशे शब्द दुःखावर घालवतात आणि शेवटी ‘यातून मी खंबीर झाले’ म्हणून सही करतात. वाचणाऱ्याला मुलगी दिसतच नाही, फक्त प्रसंग दिसतो. आईच्या टोळीतल्या बायकांच्या मजुरीचा हिशेब ही वहीत लिहिते, असं तू सहज लिहून गेलास. अरे, निबंध तिथे आहे! मुकादमाची उचल, दर आठवड्याची कपात, हातात उरलेले पैसे: हे रकाने तिने कसे पाडले, कुठला आकडा जुळेना, तिने कोणाला काय विचारलं, हे लिहू दे. परिस्थिती त्यात आपोआप येईल. आणि इंग्रजी चांगलं असलेल्या कुठल्या काकाला तो ‘सुधारायला’ देऊ नकोस. व्याकरणाच्या ढोबळ चुका काढल्या की पुरे.

कामांची यादी वेगळी असते: दहा जागा, प्रत्येकीच्या वर्णनाला 150 अक्षरं. तिच्याकडे स्पर्धांची पदकं नाहीत म्हणून तू काळजी करतोस, पण घरची जबाबदारी आणि पगारी काम हे तिथले अधिकृत प्रकार आहेत. भावाचा अभ्यास, स्वयंपाक, सुट्टीतली खुरपणी, सगळं आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे देऊन लिहायचं. तास फुगवायचे नाहीत. शाळा, झोप आणि कामं मिळून दिवस तीस तासांचा झाला तर ते लगेच लक्षात येतं.

तुझं काम याहून मोठं आहे. अर्जासोबत शाळेच्या काउन्सेलरचं, म्हणजे मार्गदर्शकाचं, शिफारसपत्र लागतं. तुमच्याकडे काउन्सेलर नाही, म्हणजे ते पत्र तू किंवा प्राचार्य लिहिणार. दोन विषयशिक्षकांची पत्रं वेगळी. घरची हकिकत तिने सांगण्यापेक्षा तू सांगितलीस तर तिला जास्त वजन येतं, म्हणून जे तू प्रत्यक्ष पाहिलंस तेच लिही. ‘मेहनती, नम्र, हुशार’ ही तिन्ही विशेषणं गाळ. सोबत तुमच्या कॉलेजची एक पानाची ओळख जोड: विद्यार्थी किती, कुठले विषय शिकवता, बोर्डाचे गुण कसे मिळतात, तुमच्याकडे नव्वद टक्क्यांच्या वर किती मुलं जातात. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकन पद्धतीची गुणसरासरी) करत बसू नकोस, आहेत तसे गुण दे. पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. आणि तुमच्या कॉलेजचा ईमेल असेल तर तोच वापर.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या सीएसएस प्रोफाइलमध्ये. हा उत्पन्नाचा फॉर्म. पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. परदेशी मुलांना आपोआप माफी नाही, पण काही कॉलेजं मागितल्यावर माफीचा कोड देतात, म्हणून आधी ईमेल करायचा.  चलन रुपया निवडा आणि मग सगळे आकडे रुपयांतच भरा. महिन्याचे 9,000 वर्षाच्या रकान्यात गेले तर कुटुंब जगतं कसं, असा प्रश्न येणारच. तिथे 1,08,000 हवेत. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त दिसत असेल तर फरक कुठून भागतो ते स्पष्ट लिहा: मामा धान्य देतो, रेशन मिळतं, उसनवारी आहे. आई आयकर विवरण भरत नसणार, मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि आईचं सहीचं निवेदन तयार ठेवा. जमीन असेल तर सातबाराही. दाखल्यातला आकडा आणि फॉर्ममधला आकडा वेगळा असेल तर कारण आधीच लिहा. वडिलांचा मृत्यूदाखलाही स्कॅन करून ठेव.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम. पासपोर्टप्रमाणे एकच रूप ठरव आणि सॅट, कॉमन ॲप, सीएसएस, सगळीकडे तेच वापर, नाहीतर कागद एकमेकांना जोडले जात नाहीत.

वेळापत्रक असं: कॉमन ॲप 1 ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं, लवकरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मोठ्या कॉलेजांचे निकाल मार्चअखेर, म्हणजे बारावीची परीक्षा आटोपता आटोपता. सीईटीचा फॉर्म मात्र भरून ठेव. या कॉलेजांत नकार हीच नेहमीची गोष्ट आहे, अगदी उत्तम अर्जालाही.

आणि नववी-दहावीच्या गुणपत्रिका तिच्या जुन्या शाळेतून इंग्रजीत, शिक्क्यासह लागतील. शाळेला दिवाळीची सुट्टी लागण्याआधी तो अर्ज देऊन ये. निबंधाचा पहिला खर्डा झाला की पाठव, कसाही असला तरी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत