केमिस्ट्रीच्या पदवीला पुराव्याच्या कायद्याची जोड द्यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीनंतरच्या प्रवेशांच्या दिवसांत ‘फॉरेन्सिक’ हा शब्द सोलापुरातील पालकांच्या तोंडी वरचेवर ऐकू येऊ लागला आहे आणि त्या नावाचे महागडे अभ्यासक्रम शोधत मुले पुण्या-मुंबईकडे निघाली आहेत. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला वाटते की, यातले बरेचसे आपल्याच शहरात, चालू बीएस्सीच्या चौकटीत देता येईल. ते का द्यायला हवे, हे सांगण्यासाठी माझीच एक चूक सांगतो.

मी शासकीय सेवेत असताना एका लाचेच्या सापळ्यात मला पंच म्हणून नेण्यात आले. नोटांना अँथ्रासीनची पावडर लावलेली होती. सापळा यशस्वी झाल्यावर खोलीतले दिवे मालवले, अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला आणि संबंधिताच्या बोटांची टोके व नोटा निळसर चकाकल्या. अँथ्रासीनची तीन बेंझीन वलये मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो होतो, पण ती अशी माणसाच्या बोटांवर प्रथमच पाहिली. त्या व्यक्तीने हात पुसलेला पांढरा नॅपकिनही चकाकला. पंचनाम्यात बोटे, नोटा आणि नॅपकिन या तिन्हींपुढे ‘निळसर चकाकी दिसली’ असे एकच वाक्य लिहिले गेले आणि त्याखाली मी सही केली.

पुढे उलटतपासणीत वकिलांनी विचारले की, तिन्ही ठिकाणची चकाकी एकाच शब्दांत लिहिली आहे, हे खरे आहे काय? खरे होते. मग त्यांनी आपल्या बॅगेतून एक कोरा, धुतलेला टॉवेल काढला आणि हाही त्या दिव्याखाली चकाकेल की नाही, असे विचारले. अर्थात चकाकेल. आपल्याकडे टॉवेलच्या पांढऱ्या मालाला जे शुभ्रक देतात, ज्याला जुनी माणसे सरसकट टिनोपॉल म्हणतात, ते आणि धुण्याच्या पावडरीतले शुभ्रक अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळे-पांढरे दिसतेच. फरक एवढाच की, शुभ्रकाने सगळे कापड सारखे उजळते आणि पावडरीचे ठिपके किंवा बोटांचे ठसे सुटे दिसतात. मला तो फरक त्या खोलीत दिसला होता, पण तो शब्दांत नोंदवायला हवा हे मला कोणी शिकवलेले नव्हते. साक्षीच्या पिंजऱ्यात ते सांगू लागलो तेव्हा पंचनाम्यात नसलेली गोष्ट आता सांगत असल्याचे माझ्याच गळी उतरवण्यात आले. खटल्याचा निकाल काय लागला, हा या पत्राचा विषय नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७६ च्या तिसऱ्या उपकलमानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे, म्हणजे २०२९ चा मध्य. पदवीला लागणारी तीन-चार वर्षे धरली, तर ही माणसे तयार करायला आजच उशीर झाला आहे. पोलीस ठाण्यात ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट पाहणे म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरातले प्रकरण अडकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की केमिस्ट्री अशीही वापरली जाते. अशा जप्तीतून नमुना कसा काढायचा, यासाठी डिसेंबर २०२२ चे केंद्राचे नियम आहेत: गांजा, चरस, अफू असेल तर प्रत्येकी २४ ग्रॅम, इतर बहुतेक पदार्थांत ५ ग्रॅम, तोही दोन प्रतींत आणि दंडाधिकाऱ्यासमोर. वजन, एकजीव मिश्रण, प्रातिनिधिक नमुना हे सारे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे धडे आहेत. लाखेचे सील, मुद्देमाल क्रमांक आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद मात्र त्या वर्गात कोणी सांगत नाही. भेसळीच्या कायद्यात नमुन्याचे चार भाग का करतात, हेही नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जी मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, रचना आली आहे, तिच्यात मायनर विषय दुसऱ्या विद्याशाखेतलाही घेता येतो. तेव्हा केमिस्ट्री मेजर आणि फौजदारी न्याय मायनर ही जोडी देण्यात नियमांची अडचण दिसत नाही. २००४ मध्ये स्थापन झालेले आपले विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे आहे; रसायनशास्त्र आणि विधी या दोन अभ्यास मंडळांना एका टेबलाशी बसवणे त्याला इतरांपेक्षा सोपे जावे. विधी महाविद्यालयातील प्राध्यापकांनी पुराव्याचा कायदा शिकवावा आणि आमच्या लोकांनी नमुने. केवळ पुस्तकी ‘गुन्हेगारीशास्त्र’ नावाचा पेपर लावून ही गरज भागवू नये, एवढी मात्र विनंती आहे. तसा पेपर मुले आदल्या रात्री गाईडवरून पाठ करतात, हे मी परीक्षक म्हणून पाहिले आहे.

चार क्रेडिटपासून सुरुवात केली तरी चालेल: दोन क्रेडिट तासिकांचे, म्हणजे ३० तास, आणि दोन क्रेडिट प्रात्यक्षिकांचे, म्हणजे ६० तास. पहिले प्रात्यक्षिक मी सुचवतो. टीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) प्लेट पाहण्याचा अल्ट्राव्हायोलेट दिवा केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत असतोच. दोन सोलापुरी टॉवेल घ्यावेत, एकावर चिमूटभर अँथ्रासीन लावावे, खोलीत अंधार करावा आणि विद्यार्थ्याला पंचनामा लिहायला सांगावा. दुसऱ्या दिवशी विधीच्या विद्यार्थ्याने त्याची उलटतपासणी घ्यावी.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापक,
सोलापूर