सीलबंद केस आणि सहा वर्षांची वाट

संपादक साहेब,

अमेरिकेत सरकारला फसवणाऱ्या कंपनीवर साधा माणूससुद्धा सरकारच्या वतीने केस टाकू शकतो, १८६३ चा लिंकनच्या काळातला फॉल्स क्लेम्स ॲक्ट आहे तो. केस टाकणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसाची चर्चा सगळे करतात (वसुलीतले १५ ते ३० टक्के), पण खटला उभा राहायच्या आधी काय होतं ते कुणी सांगत नाही म्हणून लिहितेय.

केस आधी सीलबंद राहते, निदान ६० दिवस, कंपनीला पत्ताच लागू द्यायचा नाही, आणि तेवढ्यात न्याय खातं पुरावे तपासून ठरवतं की केस आपण चालवायची की तक्रारदारावर सोडायची. आता हे ६० दिवस बऱ्याचदा नावालाच, कोर्टाकडून मुदत वाढवून घेत घेत वर्षं जातात. रॅनबॅक्सी या औषध कंपनीचंच बघा ना, तिथले माजी अधिकारी दिनेश ठाकूर यांनी २००७ ला केस टाकली आणि ५० कोटी डॉलरची तडजोड झाली मे २०१३ मध्ये. एवढी वर्षं माणसाने गप्प बसायचं म्हणजे फार अवघड आहे.

तरी मला ते सील महत्त्वाचं वाटतं, कारण सुरुवातीला तरी नाव बाहेर जात नाही. आपल्याकडे इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवा असं लिहून हायवेच्या कामातला भ्रष्टाचार कळवला होता, तरी नाव फुटलं आणि २००३ मध्ये गयेत त्यांना गोळ्या घातल्या. २०१४ ला संसदेने व्हिसलब्लोअर (म्हणजे गैरव्यवहार उघड करणारे) संरक्षण कायदा पास केला पण तो लागूच केला नाही. तो कधी लागू करणार, ती तारीख सरकारने सांगावी.

– एक वाचक, पुणे